शेततळ्यातून बाहेर कसं यायचं, हे कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आपल्या पेपरच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. 'शेततळ्यात बुडून दोघा भावांचा मृत्यू.' तालुका बदलतो, वयं बदलतात. कधी सख्खे भाऊ असतात, कधी मामाच्या गावाला आलेली भाचरं, कधी पोराला काढायला उतरलेली आईही सोबत गेलेली असते. शेवटची ओळही ठरलेली, आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. मग एक-दोन दिवसांत प्रशासनाचं आवाहन येतं की पालकांनी मुलांना पाण्यापासून दूर ठेवावं.

मला त्या आवाहनाबद्दल बोलायचं आहे. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझ्या रानात एक जुनी मोटेची विहीर आहे आणि बागेच्या वरच्या अंगाला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीवरच्या पोरापोरींना मी विहिरीत पोहायला शिकवतो. वडील शिकवायचे, त्यांच्यामागं मी. तेव्हा साहेबांना एवढंच विचारतो, की पोरं पाण्यापासून दूर ठेवायची म्हणजे नेमकी कुठं ठेवायची? आमच्या वस्तीवरून कुठल्याही बाजूला पाचशे पावलं चाला, पाणी लागतंच. वर शेततळं, खाली विहीर, पलीकडं कॅनॉल. मधे शेजाऱ्याचं तळं, त्याच्यापुढं त्याच्या भावाचं तळं. पोरांना घरात कोंडलं तर गोष्ट वेगळी.

हे पाणी आमच्याकडं नवीन आहे, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. सांगली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कृष्णा येते, हळद येते, महापूर येतो. पण जिल्ह्याचा पूर्व भाग दुष्काळी. माझ्या लहानपणी प्रत्येक मळ्यात विहीर होती आणि प्रत्येक पोराला पोहता येत होतं, कारण दुसरा खेळच नव्हता. पुढं मोट गेली, इंजिनं आली, मोटरी आल्या, पाणी खाली गेलं, विहिरी कोरड्या पडल्या. लोकांनी बोअर मारले. बोअरमध्ये कोण पोहणार? टँकरच्या पाण्यावर जी पोरं वाढली, ती आज पस्तिशी-चाळिशीची झाली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना हातपाय मारता येत नाहीत. मग म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. बागा वाचल्या, त्याबद्दल तक्रार नाही. माझी बागही त्याच पाण्यावर उभी आहे. पण पाणी परत आलं तेव्हा शिकवणारी पिढी मधल्यामधे गळालेली होती. आज ज्या बापाच्या तळ्यात २२ लाख लिटर पाणी आहे, त्या बापाला स्वतःला पोहता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. पोहायला येणं आणि शेततळ्यातून जिवंत बाहेर येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायला शिकवा म्हणणाऱ्यांनाही हे कळलेलं नाही.

ज्यांनी शेततळं जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. योजनेतलं मोठं तळं म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. बाजू सरळ उभ्या नसतात, साधारण ४५ अंशांच्या उतारानं खाली जातात. पाणी मुरू नये म्हणून सगळ्या उतारावर आणि तळाला ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद अंथरतात आणि त्याची कड बांधावर चर खोदून मातीत गाडतात. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाच्या कपारी असतात, नाहीतर मोटरीचा पाइप तरी हाताला लागतो. ओढ्याला काठ असतो, झुडपं असतात. या कागदाला धरायला काहीच नसतं. त्यावर पाण्याच्या रेषेखाली शेवाळ धरतं, बोटानं पुसलं तर हिरवा लेप निघतो. भर उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा पाण्यापासून बांधापर्यंत सात-आठ फूट नुसता ओला, गुळगुळीत उतार. पोर बादली भरायला किंवा आत गेलेला बॉल काढायला वाकतं, पाय सटकतो आणि बसल्या बसल्या घसरत आत जातं.

गेल्या मे महिन्यात मी हे पोरांना डोळ्यांनी दाखवायचं ठरवलं. वस्तीवरचा एक पोरगा भरतीची तयारी करतो. पहाटे उठून पळतो, दंड माझ्या मांडीएवढे, पोहणारा तर पट्टीचा. त्याच्या कमरेला नवा कासरा बांधला. कासऱ्याचं दुसरं टोक बांधावर मी आणि माझ्या पुतण्यानं धरलं. बाकीची पोरं लांब बसवली. म्हटलं, जा, पलीकडं जाऊन ये. गडी आरामात गेला, वळून आला. मग म्हटलं, आता ये वर.

त्यानं पहिल्यांदा हात टेकून उठायचा प्रयत्न केला, तसा पोटावर सरकत परत पाण्यात. हसला. दुसऱ्यांदा जोरात पाय मारत आला आणि उतारावर झेप घेतली. कमरेपर्यंत वर आला, दोन क्षण थांबला आणि तळवे पसरलेले तसेच्या तसे खाली घसरले. नखं कागदावर ओढल्याचा आवाज आम्हाला बांधावर ऐकू आला. तिसऱ्यांदा गुडघे टेकवले, तर गुडघेच आधी सटकले आणि हनुवटी आपटली. त्यानंतर प्रत्येक झेप आधीच्यापेक्षा खालीच पडायला लागली. ओल्या शर्टचं वजन, दम, घाबरणं. दोन-तीन मिनिटांत तो म्हणाला, "तात्या, ओढा आता." त्या आवाजात थट्टा नव्हती. आम्ही ओढला. मग तळ्याच्या कोपऱ्यात सोडलेल्या गाठींच्या दोरापाशी त्याला पुन्हा उतरवला. कासरा कमरेला होताच, पण तो ओढावाच लागला नाही. गाठ धरून, पाय टेकवत, विहिरीच्या पायऱ्या चढावा तसा वर आला.

हा प्रयोग कुणी घरी करू नये. माणसं, दोर आणि अनुभव असल्याशिवाय तर मुळीच नको. पण त्या दिवशी बांधावर बसलेल्या पोरांपैकी एकानंही त्यानंतर कुठल्या तळ्यात गंमत म्हणून पाय टाकलेला नाही. फलक वाचून हे झालं नसतं.

दोराचं आता जरा तपशिलात सांगतो, कारण कुठल्याही माहितीपत्रकात हे मी वाचलेलं नाही. दोर नायलॉनचा, मुठीत बसेल एवढा जाड घ्यायचा. दर फुटावर एक गाठ. वरचं टोक बांधाच्या पलीकडच्या बाजूला खोल ठोकलेल्या लोखंडी अँगलला बांधायचं. अँगल कागदाच्या चराबाहेर असला म्हणजे कागद फाटत नाही (शेतकऱ्याची पहिली शंका तीच असते, म्हणून सांगितलं). खालचं टोक पार तळापर्यंत गेलं पाहिजे. पावसाळ्यात तळं भरलेलं असताना कुणीतरी चार फुटांचा दोर बांधतो आणि उन्हाळ्यात तो पाण्याच्या वरच लोंबत राहतो, त्याचा उपयोग शून्य. मधे एक रिकामा कॅन झाकण घट्ट लावून बांधायचा, तो तरंगतो आणि दोर कुठं आहे ते पाण्यातल्या माणसाला दिसतं. चार बाजूंना चार दोर. याशिवाय बांधावर एक सुटा दोर आणि त्याला पाच लिटरचा कॅन कायमचा बांधून ठेवायचा. त्या कॅनमध्ये थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर वाऱ्यानं भरकटतो आणि फेकला तरी लांब जात नाही. या सगळ्याला जो खर्च आला, त्यात माझ्या बागेची एक फवारणी झाली नसती.

लोक म्हणतात, दोर बांधला म्हणजे पोरांना आमंत्रणच. मला हे पटत नाही. बिनदोराच्या तळ्यात पोरं उतरत नाहीत का? मग त्या बातम्या कुठल्या? कुंपण तर हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या भागातलं कुंपण म्हणजे काय असतं, ते येऊन बघा. बांबूला बांधलेली हिरवी शेडनेट, दोन उन्हाळ्यांत चिंध्या. गेट असेल तर त्याला तार गुंडाळलेली, कारण रोज सोडा-बांधायचा कंटाळा. तारेची जाळी आणि कुलूप लावणारे आहेत, पण बोटावर मोजण्याइतके.

कृषी खात्याला माझी एकच सूचना आहे. तळं झालं की कृषी सहायक येतात, मोजमाप घेतात, मोबाइलवर जिओ टॅग फोटो काढतात आणि त्यावर अनुदान निघतं. त्याच फोटोत चार बाजूंचे दोर आणि कुंपण दिसलं पाहिजे, नाहीतर बिल अडवावं. वेगळा कायदा नको, समिती नको. शेतकरी अनुदानासाठी सातबारा, आठ अ, आधार सगळं गोळा करतो, चार दोरही बांधेल. जी तळी आधीच झालेली आहेत त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. त्यावर पुढं लिहितो.

आता पोहण्याच्या शिकवणीबद्दल. आमच्या वेळची पद्धत म्हणजे पांगिऱ्याच्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधायचा आणि चुलत्यानं मागून ढकलून द्यायचं. बिंडा चांगला होता, ढकलणं वाईट. ढकललेलं पोर पोहायला शिकतं हे खरं, पण त्याच्या शेजारचं पोर जन्मभर पाण्याला भितं आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. वाळक्या भोपळ्यांची सांगड मी आजोबांच्या घरात खुंटीला बघितलेली आहे, वापरलेली नाही. मी आता औषधांचे नव्हे, खाद्यतेलाचे रिकामे कॅन वापरतो. कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी पोराच्या अंगाला लावू नये. सुरुवातीला कॅन पूर्ण रिकामा, झाकण घट्ट. पोराला जरा जमायला लागलं की त्यात तांब्याभर पाणी घालायचं, मग आणखी तांब्याभर. पोराच्या लक्षातही येत नाही आणि एक दिवस तो कॅन नुसता पाठीला लटकलेला असतो. हवा भरलेल्या ट्यूबवर माझा विश्वास नाही. ती उलटते आणि पोराचे पाय वर, डोकं खाली होतं.

पण कॅन ही पुढची गोष्ट. पहिले काही दिवस माझ्याकडं कुणी पोहत नाही. पायरीवर बसायचं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, डोळे उघडायचे. मग उताणं पडायला शिकायचं. इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण कानात पाणी गेलं की पोर मान वर उचलतं आणि मान उचलली की ढुंगण खाली जातं. कान बुडू दे, हनुवटी आभाळाकडं, छातीत हवा धर, हे मी एका पोराला किती वेळा सांगत असेन त्याला हिशेब नाही. माझा हात त्याच्या पाठीखाली असतो आणि तो मी कधी काढून घेतला हे त्याला कळू देत नाही. ज्याला उताणं तरंगता येतं त्याला वेळ मिळतो. ओरडायला वेळ मिळतो, दोर शोधायला वेळ मिळतो, कुणी येईपर्यंत थांबायला मिळतं. सूर मारणं, मुटका मारणं, तळाची माती काढून दाखवणं हे सगळं पोरांना आधी हवं असतं. ते मी शेवटी शिकवतो आणि उन्हाळ्यात पाणी दोन परसांच्या (म्हणजे साधारण दोन माणसांच्या उंचीच्या) खाली असेल तर शिकवतच नाही. वरून उडी मारून कपारीवर आपटलेली पोरं मी पाहिलेली आहेत.

आणि अंगावर कपडे ठेवून शिकवतो. चड्डीवर पोहणं सोपं असतं, पण तळ्यात पडणारं पोर शाळेच्या कपड्यात पडतं. माझी भाची नेदरलँड्सला असते. तिच्या मुलाची पोहण्याची पहिली परीक्षा झाली तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, की मामा, इथं टीशर्ट, पँट आणि बूट घालून पोहायला लावतात, पाण्यात उभं राहायला लावतात आणि शेवटी कुणाच्या मदतीशिवाय स्वतः वर चढून यावं लागतं, तरच पास. त्या देशात घरोघर कालवे आहेत, त्यामुळं त्यांना काय विचारायचं ते माहीत आहे. लांब कशाला, बांगलादेशात गावातल्या तळ्यात बांबूचा मचाण बांधून पोरांना शिकवतात. २५ मीटर पोहता आलं पाहिजे, अर्धा मिनिट तरंगता आलं पाहिजे आणि काठावरून दुसऱ्याला कसं ओढायचं ते आलं पाहिजे. त्याला टाइल्सचा जलतरण तलाव लागत नाही, बांबू लागतात आणि एक जबाबदार माणूस लागतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी. म्हणजे पहिलीपासून. आमच्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत हा विषय काढला की गुरुजी हात जोडतात. काही झालं तर निलंबन कुणाचं? त्यांचं चुकत नाही. म्हणून मी म्हणतो, शिकवणं शाळेनं अंगावर घेऊ नये, पण परीक्षा संपल्यावर पालकसभा लावावी, गावातली एक पायऱ्यांची, स्वच्छ पाण्याची विहीर ठरवावी, पोहणारी चार माणसं ठरवावीत, वेळ ठरवावी. सरपंच, ग्रामसेवक आणि पालकांच्या सह्या घ्याव्यात. तालुक्याच्या गावच्या तलावाची फी आणि रोजचा एसटीचा प्रवास आमच्या वस्तीवरच्या मजुराला परवडणारा नाही. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर युद्धात जखमी होऊनही १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले, याचा या जिल्ह्याला अभिमान आहे आणि असावा. त्यांचा फोटो शाळेत लावा. पण ज्या पोराला पदक मिळवायचं नाही, त्यालाही पोहायला आलं पाहिजे.

कृष्णाकाठच्या पाव्हण्यांची अडचण वेगळी. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत, त्यामुळं तिथल्या पोरांना घाटावर सोडा असं मी म्हणणार नाही. वाळूउपशानं नदीत पडलेले खड्डे हा आणखी एक प्रकार, गुडघाभर पाण्यातून चालता चालता माणूस एकदम डोक्याएवढ्या पाण्यात जातो. कॅनॉललाही पोहणं नकोच. आवर्तन सुटलं की पाण्याला ओढ असते आणि सिमेंटच्या बाजू शेततळ्यासारख्याच गुळगुळीत.

विहिरीवर शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक छापावी ही विनंती. पोरं पाण्यात उतरण्याआधी मोटरीची लाइट तोडा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, कारण तीन फेजची लाइट पाळीनं येते आणि रात्री-अपरात्री कोण उठणार. लाइट आली की मोटर आपोआप चालू होते. पाण्यातल्या पाणबुडी मोटरीची केबल कुठं सोललेली असेल, जोड ओला असेल तर अख्ख्या विहिरीच्या पाण्यात करंट उतरतो. पट्टीचा पोहणाराही त्यात जातो आणि लोक म्हणतात, बुडाला. मी मेन स्विच पाडतो आणि पेटीतले तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून शर्टच्या खिशात घालतो. शेवटचं पोर वर येईपर्यंत ते खिशातच असतात. बागेला पाणी उशिरा बसलं म्हणून घरात बोलणी खातो, ते चालतं.

पोरींबद्दल लिहायला हवं. आठवी-नववीनंतर पोरींना विहिरीवर पाठवायला घरचे तयार नसतात. माझी बायको काठावर येऊन बसायला लागली तेव्हा कुठं पोरी यायला लागल्या. त्या सलवार-कमीज घालूनच शिकल्या, ते उलट बरं झालं. बातम्या नीट वाचल्या तर दिसेल की पोराला वाचवायला पाण्यात उतरणारी बहुतेक वेळा आई असते, आजी असते, मोठी बहीण असते आणि तिला पोहता येत नसतं. एकाचे तीन होतात ते असे. तिला कुणी सांगितलेलं नसतं, की आत जाऊ नकोस. आधी ओरड, काठावर आडवी पड, काठी दे, कॅन फेक, काही नसेल तर साडीचा पदर फेक. बुडणारं माणूस जवळ येणाऱ्याच्या मानेला मिठी मारतं, त्याच्या डोक्यावर चढतं, मग तो सख्खा भाऊ असला तरी. पाणी तयारीच्या माणसालाही सोडत नाही. मे २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्या पोरांना शोधायला गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि त्यांचे तीन जवान गेले. ते प्रशिक्षित होते. आपण कोण?

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही लोकांना माहीत नाही. सिनेमात तो हात वर करून वाचवा वाचवा म्हणतो. खऱ्यात त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होत असतं, मान मागं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. श्वास घ्यायलाच वेळ नसतो तर ओरडणार कशानं? शेजारी बसलेल्याला वाटतं खेळतोय. एका मिनिटाच्या आत कारभार आटोपतो. म्हणून काठावरच्या माणसाच्या हातात मोबाइल नको. मी पोरांची डोकी मोजत असतो, आणि मोजता मोजता फोन वाजला तरी उचलत नाही.

बाहेर काढल्यावर आमच्याकडं अजून उलटं टांगतात, खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. एकदा आरोग्य शिबिराला आलेल्या डॉक्टर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की यात जो वेळ जातो त्यातच माणूस जातो. श्वास बंद असेल तर उताणं झोपवायचं, मान मागं, नाक दाबून तोंडानं श्वास द्यायचा. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा जोरात दाबायचं, परत दोन श्वास, परत ३०. हे १०८ ची गाडी येईपर्यंत थांबवायचं नाही. आणि पोर शुद्धीवर आलं, बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच.

सहा वर्षांखालच्या पोरांना यातलं काही उपयोगाचं नाही, त्यांना राखावंच लागतं. आणि राखायला कुणी नसतं अशी पोरं कुठली असतात ते मी सांगतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कॅनॉलच्या कडेला किंवा विहिरीच्या बाजूला कोप्या (झोपड्या) पडतात, आईबाप पहाटे फडात जातात आणि चार वर्षांच्या पोराजवळ सात वर्षांची बहीण राखण असते. बेदाण्याच्या शेडवर, खरड छाटणीच्या वेळी बाहेरून आलेल्या मजुरांचंही तेच. त्यांच्या पोरांसाठी हंगामात एखादी बाई दिवसभर बसवणं कारखान्याला आणि आम्हा बागायतदारांना जड नाही. कोप्या पाण्यापासून लांब टाकायला जागा देणं तर फुकटचं काम आहे. आम्ही मात्र सोय बघून पाण्याजवळच जागा दाखवतो.

पावसाळ्यात भुशी धरणासारख्या ठिकाणी माणसं वाहून गेली की चर्चा होते, बंदी आदेश निघतात. ते ठीकच आहे. पण २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत बुडून गेलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर आहे, आणि हे सगळे काही धबधब्यावर सेल्फी काढत नव्हते. त्यातले पुष्कळ आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर गेले. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे, की अशी बातमी देताना तळ्याला कुंपण होतं का, दोर होता का, एवढं एक वाक्य लिहावं. मयताच्या घरच्यांना दोष देण्यासाठी नव्हे. शेजारच्या तळ्याचा मालक ते वाचतो.

राहिला जुन्या तळ्यांचा प्रश्न. ज्यांचं अनुदान उचलून झालंय त्यांना कृषी खातं अडवू शकत नाही, आणि काही तळ्यांचे मालक पुण्या-मुंबईला असतात. म्हणून १ मेच्या ग्रामसभेसाठी मी एक ठराव लिहून ठेवलाय. गावातल्या सगळ्या अस्तरीकरण केलेल्या तळ्यांची यादी करावी, ग्रामपंचायतीनं स्वनिधीतून दोर आणि अँगल घ्यावेत, बसवून द्यावेत आणि खर्च मालकाकडून घरपट्टीबरोबर मागावा. दर वर्षी मार्चमध्ये दोर तपासावेत, कारण उन्हानं नायलॉन कुजतो. ग्रामसेवकांना दाखवला, त्यांचं म्हणणं असं पडलं की घरपट्टीबरोबर असा खर्च मागता येईल का ते वर विचारावं लागेल. विचारा म्हटलं, तोपर्यंत निदान यादी तरी करू. यादीचं काम मी आणि पुतण्यानं सुरू केलंय. सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे, कारण ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं स्वतःचं एकेक तळं आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली